घाई नसलेलं काम

"गाडी म्हणायची काय हिला? माडी आहे ही. चढताना गुडघे मोजायचे आणि उतरताना देवाचं नाव घ्यायचं."

मी तेव्हा एका जीपच्या मागच्या सीटखाली आडवी पडले होते, तोंडात दोन सुया धरून. कुणाला वाटेल चोरून ऐकत होते. पण कुशनवाल्याला चोरून ऐकावं लागत नाही, त्याचं कामच गाडीच्या पोटात असतं. जीपच्या उघड्या दारातून मला शेजारी येऊन थांबलेल्या पांढऱ्या उंच गाडीचा खालचा भाग दिसत होता आणि तिच्यातून बाहेर आलेले दोन पाय. बोटांत चांदीची जोडवी. पाय हवेत जमीन शोधत होते आणि जमीन चार बोटांवर होती.

"आई, पायरी आहे तिथं. डावीकडं. अजून थोडं डावीकडं."

"कुठं आहे ते मला माहीत आहे. तू हात काढ."

नऊ-दहा वर्षं झाली या गोष्टीला. माझं दुकान मिरजेत, सांगली रोडला. दुकान कसलं, पत्र्याची शेड आणि पुढं गाड्या उभ्या करायला अंगण. अर्धं अंगण माझं, अर्धं दस्तगीर वेल्डरचं. धंदा नवऱ्याचा होता. तो गेल्यावर हातात उरलं एक शिलाई मशीन आणि एक अर्धवट उसवलेली सीट. ती उसवत गेले, कसं शिवलं होतं ते बघत गेले आणि उलट्या क्रमानं परत शिवली. शिकवलं कुणी नाही, उसवलं आणि शिकले. सीटवर बसलेल्या माणसापेक्षा उसवलेली सीट जास्त खरं सांगते, असं मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगायची.

मी जीपमधून बाहेर आले तेव्हा त्या बाई सरळ माझ्या आवाजाकडं तोंड करून उभ्या होत्या. पंच्याहत्तरीच्या, बुटक्या, पाठ ताठ, इरकली साडी.

"मालन सुतार तूच काय? लोक सांगतात, बाई कुशन करते. म्हटलं, बघावं तरी."

"बघा की. बसा."

"बसायला नाही आले. माझी गाडी कुठं आहे?"

त्यांची गाडी म्हणजे सकाळी त्यांच्या मुलानं आणून लावलेली दुधी रंगाची जुनी फियाट. पाठ वर, नाक खाली, म्हणून लोक तिला डुक्कर फियाट म्हणत. तिची पुढची दारं उलटी उघडायची. बिजागरी मागं, कडी पुढं. बाई फियाटपाशी गेल्या, टपावरून हात फिरवत खाली आणला तो बरोबर कडीवर. दार उघडलं, आधी बसल्या, मग दोन्ही पाय जुळवून आत घेतले. साडीची निरीसुद्धा हलली नाही.

"बघितलंस? असं बसायचं असतं गाडीत. ह्याच्या त्या माडीत टांग टाकून चढावं लागतं. ह्या वयात."

"आई, त्यात सेफ्टी आहे," मुलगा म्हणाला. त्याचं नाव विद्याधर. हळदीच्या पेढीवर बसणारा, पन्नाशीचा, मऊ माणूस. "सहा एअरबॅग आहेत. गिअर टाकायचा नाही, क्लच नाही. मागं घेताना पडद्यावर सगळं दिसतं."

"मला गाडीत टीव्ही बघायचा नाही."

मी टेप काढून माप घ्यायला लागले. ड्रायव्हरची सीट बसून खोलगट झाली होती. आत स्प्रिंगा मोडल्या होत्या, काथ्याचा भुगा झाला होता. मी धंद्यातल्या सवयीनं विचारलं, "साहेबांची उंची किती? त्या मापानं सीट उचलते."

"साहेबांचं काय काम? साहेब मागं बसतात."

"एक्कावन्न वर्षं," पांढऱ्या गाडीच्या मागच्या खिडकीतून एक आवाज आला. तिथं पांढऱ्या टोपीतले एक आजोबा बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन. ते आण्णा. आणि ह्या बाई, आरवाड्यांच्या आक्का. एक बाई असून मी दुसऱ्या बाईला शेजारच्या सीटवर बसवलं, याची मला इतकी लाज वाटली की मी टेप उलटा धरून आक्कांच्याच गुडघ्यापासून उंची मोजायला लागले.

"माझ्या थोरल्या बहिणीला ऐंशी पूर्ण होतायत," आक्का म्हणाल्या. "कागवाडला कार्यक्रम आहे, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला, रविवारी. मी माझ्या गाडीनं जाणार. ती मला तीन महिन्यांपूर्वीच म्हणालीय, तू गाडी घेऊन आलीस तरच मी पाटावर बसणार. तोवर सीट झाली पाहिजे."

"आठ दिवसांत देते."

आक्का माडी चढून आत बसल्यावर विद्याधर मागं राहिला. मला पेरूच्या झाडाखाली नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, घाई नाही."

"आक्का तर म्हणतात—"

"त्या म्हणतील. तुम्ही सावकाश करा. जितकं लांबवता येईल तितकं लांबवा. वीस तारीख उलटून गेली तरी चालेल. उलटलेलीच बरी."

या धंद्यात गिऱ्हाईक उद्या देतो म्हटलं तर आज संध्याकाळी का नाही म्हणतं. काम करू नका असं सांगणारा हा पहिलाच.

"का पण?"

"ते असू दे," तो म्हणाला आणि गेला.

मला वाटलं, भावकीचं काहीतरी असेल. मावशीकडं जायचं नसेल. मोठ्या घरातलं आपण कशाला उकरा.

आक्का दर गुरुवारी यायला लागल्या. विद्याधर त्यांना पांढऱ्या गाडीतून आणायचा आणि माझ्याकडं डोळ्यांनी विनवणी करत उभा राहायचा. पहिल्या गुरुवारी मी सांगितलं, रेक्झिन मुंबईहून यायचंय. दुसऱ्या गुरुवारी सांगितलं, स्प्रिंगा मिळत नाहीत. दोन्ही खोटं. सीट माझ्या मशीनमागं गोणपाटाखाली निम्मी तयार होती. हाताला सवय नाही ना अर्ध्यावर थांबायची.

"तुला काम येतं की नाही?" आक्का म्हणाल्या.

"येतं की."

"मग गावात मी काय सांगू? परवा देवळात चौघींनी विचारलं, गाडी कुठाय. म्हटलं, एका बाईकडं दिलीय. तर म्हणतात कशा, तरीच."

तो 'तरीच' मला आठवडाभर टोचत होता. दस्तगीरनं त्यात भर घातली. "मालनताई, महिना झाला एका सीटला? सीट करायलायंस की वाकळ?"

आक्का आल्या की रिकाम्या फियाटमध्ये पाट घालून बसायच्या आणि मी दुसरं कुठलं तरी काम शिवायची. विद्याधरची गाडी शेजारीच उभी असायची, त्यामुळे दोन्ही गाड्यांची तुलना आपोआप व्हायची. आक्कांचं म्हणणं असं की जुनी गाडी हाताला सांगते. दगडावर चाक गेलं की स्टिअरिंगमध्ये कळतं. इंजिनला चढ नको झाला की पायाला कळतं. नव्या गाडीत सगळं गादीत गुंडाळलेलं, माणसाला काही पोचतच नाही. विद्याधर म्हणायचा, पोचत नाही म्हणून तर पाठ दुखत नाही. मी मध्ये पडून माझ्या धंद्यातलं सांगायची. तुमच्या सीटमध्ये स्प्रिंग, गोणपाट, काथ्या, कापूस. खराब झालं तेवढं बदला, सीट आणखी तीस वर्षं चालेल. त्याच्या सीटमध्ये साच्यात ओतलेला एकच फोम आणि कडेला एअरबॅग. मी सुई लावायची नाही. पण टक्कर झालीच तर तुमच्या स्प्रिंगा काही तुम्हाला झेलायच्या नाहीत.

"म्हणजे तू कुणाच्या बाजूची?" आक्का विचारायच्या.

"ज्याची सीट फाटलीय त्याच्या."

त्यावर त्या हसल्या. छान हसायच्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "वीस तारखेला देशील ना?"

मी "बघते" म्हटलं आणि मशीनवर मान घातली.

मधल्या एका मंगळवारी आण्णा एकटेच रिक्षातून आले. पिशवीतून दोन चिकू काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "लवकर करा."

"तुमचा मुलगा म्हणतो, सावकाश करा."

"तो म्हणतो तेही बरोबर आहे."

"मग मी काय करू, आण्णा?"

आण्णांनी पिशवी उचलली. "शिवा," म्हणाले. "गाडी गेल्यापासून ती गॅरेजात खुर्ची टाकून बसते. जिथं गाडी असायची तिथं."

एवढं बोलून ते गेले. एक म्हणतो थांब, दुसरा म्हणतो चाल, तिसरी म्हणते तारीख पाळ. मी आरवाड्यांच्या घरातली नव्हते, त्यांचं मीठ खाल्लेलं नव्हतं, आणि तरी तिघांशी तीन तऱ्हेनं खोटं बोलत होते. रात्री लेकीनं विचारलं, "आई, आमटीत मीठ दोनदा टाकलंस का?" टाकलं होतं.

मग ती चूक झाली. सीट मरून रंगाची, आणि शिवणीच्या कडेनं गोट यायचा तो सायीच्या रंगाचा. आक्कांनीच सांगितला होता, जसा पहिल्यापासून होता तसा. त्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. सायीचा आणि पोपटी, दोन्ही गोटांच्या गुंडाळ्या एकाच कागदात आल्या होत्या. उरलेल्या उजेडात मी सगळा गोट शिवून टाकला. सकाळी गोणपाट काढून बघते तो मरून सीटवर पोपटी काठ. एखाद्या लग्नातल्या बँडवाल्याचा कोट असावा तशी सीट.

गुरुवार होता. उसवायला वेळ नव्हता आणि यावेळी विद्याधर त्यांना सोडून बँकेत गेला होता, त्यामुळे सीट लपवायलाही कुणी साथीला नव्हतं. आक्का थेट मशीनपाशी आल्या.

"झाली?" त्यांचा हात सीटवर पडलाच होता.

"आक्का, जरा थांबा, माझ्याकडून—"

त्यांनी अंगठा गोटावरून फिरवला. पुढच्या कडेपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यावर दोनदा. मग तळव्यानं मधला भाग दाबून बघितला. मी शिव्या खायला तयार होऊन उभी होते.

"सुरेख," आक्का म्हणाल्या. "अगदी पहिल्यासारखी. गोटाचा रंगही तसाच मिळाला बघ."

मी पोपटी गोटाकडं बघितलं. मग त्यांच्याकडं. दुपारचे बारा वाजले होते, शेडच्या तोंडाशी आम्ही उभ्या होतो, ऊन सीटवर पडलं होतं. आक्का सीटकडं बघत नव्हत्याच. सीटच्या जरा बाजूला कुठंतरी बघत होत्या, कोंबडी दाणे बघते तशी मान कलती करून.

"हो," मी म्हणाले. "मिळाला."

विद्याधर त्यांना न्यायला आला तेव्हा आक्कांनी त्यालाही गोटाचा रंग हुबेहूब मिळाल्याचं सांगितलं, आणि मी त्याला पेरूखाली ओढलं.

"कधीपासून?"

त्यानं कशाचं म्हणून विचारलं नाही. "दोन वर्षं. डोळ्याच्या मधोमध दिसत नाही, कडेकडेनं दिसतं. डॉक्टरनं औषध दिलं, आणि गाडी बंद म्हणून मला बाहेर बोलावून सांगितलं. तिला सांगायची हिंमत त्यालाही झाली नाही. त्याच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईला ह्याच गाडीतून हिनं दवाखान्यात नेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी आईनं गाडी शाळवाच्या रानात घातली. आण्णा मागं होते. घरी येऊन दोघंही म्हणाले, रस्ता खराब होता."

"अहो, मग सांगा की त्यांना."

"तुम्ही सांगितलंत का आत्ता? गोटाचा रंग?"

तो जाऊन गाडीत बसला. त्यानं गाडी मागं घेतली. मागं दस्तगीरची सायकल होती. गाडी टीं टीं करून ओरडायला लागली. खिडकीतून आक्कांचा आवाज आला, "किती बोलते ही." मला वाटलं, त्या घरात आडवं काय आलंय ते तोंडावर सांगणारी ती गाडी एकटीच आहे.

अठरा तारखेला आण्णा पुन्हा आले. यावेळी पेरू. मी सरळच विचारलं, "आण्णा, तुम्हाला भीती नाही वाटत? मागं बसताना?"

"वाटते."

"मग बसता कशाला?"

आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला सव्विसाव्या वर्षी फिट आली. पेढीवर, चार माणसांत. वडलांनी, चुलत्यांनी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी तिथंच उभं राहून सांगितलं, याला गाडीला हात लावू देऊ नका. फियाट घेऊन आठ महिने झाले होते. मी घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. ही म्हणाली, मला शिकवा. मी शेजारी बसून तोंडानं शिकवलं. पण शेजारी बसलो की माझा पाय आपोआप ब्रेक दाबायला जायचा. हिचं लक्ष उडायचं. म्हणून तिनं मला मागं पाठवलं." ते थोडं हसले. "गावोगावच्या हळदीच्या खरेदीला तिनं मला नेलं. एकदाही कुठं म्हणाली नाही, ह्यांना चालवता येत नाही. म्हणायची, मला हौस आहे."

"मग आता?"

"आता काय. चार माणसांत सांगतात तेव्हा कसं वाटतं ते मला माहीत आहे." टोपी घालून ते उठले. "सीट बसवून ठेवा."

मी बसवली. विद्याधरला कळवलं नाही. खरं सांगायचं तर मला कळतच नव्हतं मी कुणाचं ऐकतेय. गिऱ्हाईकाचं काम पुरं केलं म्हणून बरं वाटत होतं आणि एखाद्याच्या हातात पेटती चूड दिल्यासारखंही वाटत होतं. गोट मात्र बदलला नाही. बदलला असता तर मीही त्या नाटकात कायमची नोकरीला लागले असते, आणि नाही बदलला तरी लागलेच होते.

वीस तारखेला सकाळी साडेआठला अंगणात रिक्षा थांबली. आक्का उतरल्या, मागून आण्णा. आक्कांच्या हातात बहिणीची साडी आणि लाडवांचा डबा. पदराच्या टोकाची गाठ सोडून त्यांनी किल्ली काढली.

"विद्याधर?" मी विचारलं.

"झोपलाय. एक किल्ली त्याच्या उशाशी आहे. दुसरी माझ्याकडं असते, हे त्याला पन्नास वर्षांत कळलं नाही."

त्यांनी दार उघडलं, आधी बसल्या, मग पाय आत घेतले. सीटवर थोडं हलून बघितलं. "माप बरोबर घेतलंस." आण्णांनी मागचं दार उघडलं आणि डबा मांडीवर घेऊन आत बसले. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी काचेतून माझ्याकडं बघितलं आणि मग समोर बघितलं.

मी ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले.

"आक्का, मला एक सांगायचंय."

"सांग की."

सांगायचं ते एक होतं, तोंडातून आलं दुसरंच. "गोट चुकलाय माझ्याकडून. सायीचा लावायचा, पोपटी लागलाय."

स्टिअरिंगवरचा त्यांचा हात थांबला. मग मांडीखाली जाऊन त्यानं गोट चाचपला. बोटांनी रंग कळतो की काय असं वाटावं इतका वेळ.

"पोपटीच सांगितला होता मी," आक्का म्हणाल्या. "विसरलीस तू."

"असेल," मी म्हणाले.

त्यांनी किल्ली फिरवली, सेल्फ ओढला. दस्तगीर दर चार दिवसांनी किल्लीशिवायच, वायर जोडून गाडी चालू करून ठेवायचा, त्यामुळे इंजिन एका झटक्यात लागलं. त्या आवाजानं त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझं नवं लग्न झालं होतं तेव्हाचा आरशातला चेहरा आठवला. त्यांनी हँडब्रेक सोडला, गिअरच्या दांडीवर हात ठेवला आणि समोर बघितलं.

समोर गेट होतं. दस्तगीरनं सकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली बाहेर काढली होती, तेव्हापासून दोन्ही फाटकं भिंतीला टेकवून विटा लावून ठेवलेली. पलीकडं सांगली रोड. उसाच्या गाड्या, एसट्या, रविवारची वर्दळ.

"मालन," आक्का म्हणाल्या, "गेट उघड."

मी जागच्या जागी उभी राहिले. आक्का वाट बघत होत्या, क्लचवर पाय धरून, मान किंचित कलती. मग मी गेटकडं चालत गेले. काय करणार होते, मला आजही सांगता येत नाही. एकदा वाटलं, विटा काढून फाटकं लावूनच टाकावीत. एकदा वाटलं, नुसती कडी वाजवावी, उघडल्यासारखी, आणि म्हणावं, या. मी उजव्या फाटकाला हात लावला. लोखंड अजून गार होतं. कडी माझ्या बोटांत होती. मागं फियाट थरथरत उभी होती.

"उघडलंस काय गं?"

मी वळले. तोंड उघडलं, पण आवाज आला तो गाडीच्या मागच्या सीटवरून. आण्णांनी पुढं वाकून, दोन सीटांच्या मधून हात घालून आक्कांच्या खांद्यावर ठेवला होता. एवढ्या दिवसांत त्यांनी त्यांना 'अगं' सोडून दुसरी हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"त्रिशला," ते म्हणाले, "गेट उघडंच आहे. आपण आलो तेव्हापासून उघडं आहे. तुला दिसत नाही."